ड्रॅगनफ्रूटचा उजेड

थंडी पडली हे मला हवामानाच्या बातम्यांवरून कधीच कळलेलं नाही. मला ते तात्यांच्या फोनवरून कळतं. "नंदाताई, बल्ब चढवलं बरं का रानात. रविवारी हुरड्याला या, समदी या," एवढं बोलून ते फोन ठेवतात आणि मी कपाटातला स्वेटर उन्हात टाकते. यंदाचा फोन काल आला. आज सकाळी ऑफिसला जायला बारामतीत जळोचीच्या रस्त्याला स्कूटी घातली तर पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्या मागं मी, कानाला झोंबणारं वारं, कुठून तरी मळीचा आंबूस-गोड वास, आणि पुढं जायला जागा नाही. एरवी मी हॉर्न वाजवून त्या ड्रायव्हरचा जीव खाल्ला असता. आज मागं मागं निवांत गेले, कारण डोक्यात आमचा तो एक हिवाळा घोळत होता.

तात्या म्हणजे आमचे मालक. ठिबक सिंचनाचा त्यांचा धंदा. शेतकरी येतो, विहीर कुठं, चढ कुठल्या अंगाला ते सांगतो. मग रानात नळ्या कशा न्यायच्या त्याचा नकाशा निघतो, अनुदानाची फाइल होते, माल जातो. तेव्हा नकाशे शकिलाकडं, फाइली आणि फोन माझ्याकडं, आणि सगळ्या जगाशी बोलायचं खातं तात्यांकडं. एवढंच आमचं ऑफिस.

तात्यांचं स्वतःचं रान निरवांगीला. ऊस आहे, तो काय सगळ्यांचाच असतो. पण त्यांचा जीव ड्रॅगनफ्रूटवर. खांबाला लोंबकळणारं, काटेरी, बघायला अगदीच अवतार असलेलं ते झाड. दिवस मोठा असला तरच त्याला कळी येते. थंडीत दिवस लहान झाला की ते झोपलंच. मग तात्या रानात तारा ओढून बल्ब लावतात आणि सांज झाली तरी त्याला दिवस दाखवत राहतात. "त्याला वाटतंय, उन्हाळाच चालूय," असं सांगताना त्यांचा चेहरा मास्तरांना फसवलेल्या पोरासारखा होतो.

त्या वर्षी दिवाळीला तात्यांनी ऑफिस नवं केलं. आधी एक ट्यूब होती. ती लागायला वेळ घ्यायची आणि लागली की दिवसभर गुणगुणायची. ती गेली. छताला पांढरंशुभ्र पीओपी आलं, त्यात चौकोनी एलईडी पॅनेलं, खाली पांढऱ्या फरशा, मध्ये काचेची टेबलं. पहिल्यांदा सगळी बटणं दाबली तेव्हा आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. डाळजचे एक आबा माल न्यायला आले होते, ते दारातच थबकले. "आयला, दवाखान्यात आलो का काय," म्हणाले आणि चपला बाहेर काढून आत आले. तात्या खूश. धंदा रस्त्यावरनं दिसला पाहिजे, उजेड असला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, असं त्यांचं म्हणणं. आम्हालाही ते पटलं. एवढ्या लख्ख उजेडात आता काम कसं भराभर होईल असं आम्हीच एकमेकींना सांगत होतो.

झालं भलतंच. थंडी वाढत गेली तशी शकिला कपाळ दाबायला लागली. आधी दुपारी, मग सकाळपासूनच. डोळ्यांतून पाणी यायचं. ओढणीचं टोक डोळ्याला लावायचं, स्क्रीनकडं बघायचं, परत ओढणी. वाळू गेल्यागत माझेही डोळे खुपायचे, पण माझं अर्धं काम फोनवर. बोलता बोलता मी डोळे मिटून घ्यायचे. नकाशा काढणाऱ्या माणसाला ती सोय नाही.

कारण शोधायला आम्ही काही कमी केलं नाही. थंडी बाधली म्हणून सुंठेचा लेप झाला. पित्त म्हणून कोकमाचं सरबत झालं. माझ्या सासूबाईंनी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या बांधून दिल्या, त्याही आम्ही दुपारी शटर अर्धं ओढून एकमेकींवरून उतरवल्या. शकिला म्हणाली, "ताई, आमच्यात बी चालतं ओ हे, करा तुमी बिनधास्त." चष्म्याचा नंबर तपासून आली, तर नंबर होता तोच. तात्यांनी गाजर खा म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी निरवांगीहून पोतंभर गाजरं आणून टाकली. दिवसभर आम्ही दोघी सशासारख्या कुरतडत बसलो. बामाची डबी टेबलावर कायमची मुक्कामाला आली. एक शेतकरी तर नकाशा नाकाला लावून म्हणाला, "ह्यालाबी बामाचा वास येतोय की."

हसत होतो खरं, पण शकिलाचं ते काम म्हणजे नुसती नोकरी नव्हती. तिचं माहेर डाळजचं, वडलांचं किराणा दुकान. आयटीआयला ड्राफ्ट्समन झालेली त्यांच्या घराण्यातली पहिली मुलगी ती. लग्न होऊन बारामतीत आली, नवऱ्याचं चपलांचं दुकान, मुलगी आयेशा शाळेत जायला लागल्यावर तिनं हे काम धरलं. समोर बसलेल्या शेतकऱ्याला ती बोलतं करायची. बांधाला काय लावलंय, पाणी कुठं साचतं, पाय कुठं रुततो. आणि नकाशात त्याचं आंब्याचं झाड असेल तर तेही काढायची, छोटंसं, हिरवं. नळ्यांना त्याची काही गरज नसायची. पण माणसं तो कागद बघून अशी हसायची की काय सांगू. आपलं झाड कागदावर आलेलं बघायला कुणाला आवडणार नाही?

एक दिवस डबा खाताना ती म्हणाली, "ताई, संक्रांत झाली की मी काम सोडनार."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण ती भाकरीकडं बघत होती.

"घरी गेलं की अंधार करून पडते," ती म्हणाली. "आयेशा शाळेतलं कायतरी सांगायला येते, मी म्हनते नंतर. रोजचंच नंतर. आता ती सांगायलाच येत न्हाय. बापाला सांगती हळूच. सुट्टीला घरी असले की दुखत न्हाय बघा, म्हंजी मलाच हे काम झेपंना झालंय."

सुट्टीला दुखत नाही, हे तिनं सांगितलं आणि मी ऐकलं. दोघींनीही त्याचा एवढाच अर्थ लावला की बिचारीला काम झेपत नाही. किती खुळ्या आम्ही. तात्यांनाही तिनं सांगितलं. "पोरी, तब्येतीम्होरं काय बी न्हाय," म्हणाले आणि बाहेर जाऊन उगीचच नळ्यांची वेटोळी मोजत उभे राहिले. मी घरी येऊन नवऱ्यापाशी रडले. माझं नोकरीतलं निम्मं सुख म्हणजे ती समोर बसलेली असणं होतं.

आता विचार केला की नवल वाटतं. आमच्या गल्लीतला टेलर बघा. त्याचा बल्ब वायरीला लोंबतो, थेट सुईच्या शेजारी. वायर वर-खाली करून तो बरोबर टाक्यावर उजेड आणतो. सोनाराचा दिवा त्याच्या हातापाशी. मोटर भरणारा माणूस तर दिवा गुडघ्यात धरून बसतो. हाताचं काम करणारी माणसं उजेडाला कामापाशी ओढून आणतात. आणि आम्ही बैठं काम करणारी? वायरमन देईल तो उजेड घेतो. वायरमनचा नियम एकच, छताच्या मधोमध. मग टेबल भिंतीला लागतं, माणूस भिंतीकडं तोंड करून बसतो, उजेड पाठीमागं, आणि बिचारा स्वतःच्याच सावलीत जन्मभर लिहितो. ऑफिस लावताना देवाचा फोटो कुठं, पंखा कुठं, मालकाची खुर्ची कुठं, ह्यावर चर्चा होतात. डोळे कुठं असतील, हे कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

तर अशा रडक्या दिवसांत तात्यांचा हुरड्याचा निरोप आला. शकिलाला मी ओढूनच नेलं, आयेशालाही घेतलं. निरवांगीला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आगटीवर ज्वारीची कणसं भाजत होती. तात्यांची बायको, आमच्या माई, गरम कणसं तळहातावर चोळून फुंकर मारून हुरडा पुढं करत होत्या. सोबत लसणाची चटणी, गूळ आणि दही. बोटं भाजत होती आणि हात थांबत नव्हता. आयेशाच्या नाकाला काजळी लागलेली. नीरेकडून गारवा सरकत आला, तसं सगळ्यांनी आगटीकडं पाय केले.

आणि मग तात्यांनी बटण दाबलं.

मी फार ठिकाणी फिरलेली बाई नाही, पण तसं काही मी अजून दुसरं बघितलेलं नाही. खांबामागं खांब, ओळीमागं ओळ, आणि सगळं रान मऊ पिवळ्या उजेडात. मघाशी मी अवतार म्हणाले ना त्या झाडाला? एकेक फांदी देखणी दिसत होती. पलीकडं उसाचा गच्च अंधार, आणि मध्ये हे. आयेशा ओळींमधून पळत सुटली. तात्या तिच्या मागं, "काटं हायती गं, हळू," करत.

मग त्यांचं व्याख्यान सुरू झालं. ते व्हायचंच. पहिल्या वर्षी पांढरेफटक बल्ब लावले होते, ते मनासारखे लागू पडले नाहीत. मग पिवळसर आणले. आधी उंच टांगले, मग खाली घेतले, मग ओळीच्या बाजूला सरकवले. रोज सांजेला येऊन झाडाकडं बघत बसायचे म्हणे. "उजेड झाडाच्या डोळ्यात जायला नको," तात्या म्हणाले. "त्याच्या अंगावर पडला पायजे. आनि सगळीकडनं सारखा. येका जागी भगभग आन् येका जागी अंधार, असं केलं की झाड गोंधळतंय."

मी शकिलाकडं बघितलं. ती तिथं नव्हती. शेजारच्या रानाचा मालक आला होता, त्याला त्याच्या नकाशात एक ओळ वाढवून हवी होती, आणि शकिला बाजेवर मांडी घालून, लॅपटॉप उघडून बसली होती. बल्ब तिच्या खांद्याच्या अंगाला, थोडा लांब. एका हातानं नकाशा, एका हातानं हुरडा. तो माणूस काही सांगत होता आणि ती हसत होती. मी बराच वेळ बघत राहिले. ओढणी डोळ्याकडं गेली नाही. कपाळाला हात गेला नाही. मी जाऊन विचारलं, "दुखतंय का गं?"

तिनं वर बघितलं. विचार केला. मग हळूच म्हणाली, "न्हाय की ओ."

परत येताना गाडीत आम्ही दोघी एकाच वेळी बोलायला लागलो. सुट्टीला दुखत नाही, ते आत्ता डोक्यात शिरलं. ऑफिसात पॅनेल बरोबर डोक्यावर, त्याचा चौकोन काचेच्या टेबलात, त्याचाच चौकोन स्क्रीनमध्ये. वर बघा, खाली बघा, समोर बघा, तोच पांढरा चौकोन. आणि मला असा संताप आला म्हणून सांगते. मी म्हटलं, "त्या काटेरी मेल्याच्या डोळ्यात उजेड जायला नको म्हणून हा माणूस रोज रानात जाऊन बसतो, आणि आपल्याला गाजरं देतो." शकिलाला एवढं हसू आलं की आयेशा झोपेतून उठून बसली.

दुसऱ्या दिवशी तात्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "झाडाचं येगळं. माणसाला जास्त उजेडानं कसं दुखंल? आनि दिवं कमी केलं तर लोक म्हनत्याल धंदा बसला ह्यांचा." दिवाळीत एवढ्या हौसेनं लावलेली पॅनेलं, त्यांचा जीव होता त्यांच्यात. मी वाद घातला. ते चिडले नाहीत, पण हललेही नाहीत.

तेव्हा शकिला बोलली. आवाज न चढवता. "तात्या, तुमी रानात कुटलीबी नवी गोष्ट समद्या रानात येकदम करत न्हाय. आधी येक ओळ करून बघता. मग आमची बी येक ओळ करा."

बारामतीच्या शेतकऱ्याला दुसरं काहीही नाकारता येईल, ट्रायल नाकारता येत नाही. तात्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. दुपारी ते निरवांगीहून उरलेले बल्ब, तार आणि दोन बांबू घेऊन हजर. ऑफिसच्या उजव्या अंगाची पॅनेलं बंद झाली. तिथं बांबू उभे राहिले, तार ओढली, रानात टांगतात तसे बल्ब टांगले, थोडे बाजूला, डोळ्यात न जाणारे. माईंनी काचेच्या टेबलावर टाकायला जाड सुती चादर पाठवली होती. डावं अंग तसंच ठेवलं, लख्ख पांढरं. आणि तात्यांनी पुठ्ठ्याच्या दोन पाट्या काढल्या, काठीला लावल्या, आणि दोन्हीकडं रोवल्या म्हणजे फाइलींच्या गठ्ठ्यात खोचल्या. एकीवर "ट्रायल प्लॉट". दुसरीवर "कंट्रोल प्लॉट", म्हणजे तुलनेला जुनं तसंच ठेवलेलं. प्रात्यक्षिकाच्या रानात असतात तशाच.

"खत-पानी दोन्हीकडं सारखं पायजे," त्यांनी बजावलं. "न्हायतर निकाल खोटा." म्हणून चहा एकाच वेळी, एकाच मापाच्या कपात, दोन्ही प्लॉटना. मला कंट्रोलमध्ये बसवलं, शकिलाला ट्रायलमध्ये. रोज सकाळी तात्या हात मागं बांधून दोन्हीकडून चक्कर मारायचे आणि आमच्या चेहऱ्यांकडं बघायचे. मी म्हटलं, "कीड बघताय का तात्या?" ते म्हणाले, "गप बस. नोंद चाललीय."

येणाऱ्या शेतकऱ्यांनी हे फार मनावर घेतलं. दुसरीकडं कुठं लोक हसले असते. आमच्याकडं माणसं चपला काढून रांगेनं शिवारफेरी करायला लागली. आधी कंट्रोलमध्ये बसायचं, मग ट्रायलमध्ये, मग मत द्यायचं. "हितं डोकं शांत वाटतंय." "तितं गेलं की डोळं आपोआप बारीक व्हत्यात." एकानं गावच्या ग्रुपवर टाकायला मोबाइलवर व्हिडिओ घेतला, तर डाव्या अंगाच्या उजेडात सगळ्या चित्रभर काळे पट्टे पळत होते आणि उजव्या अंगाला एकही नाही. आपल्या डोळ्यांना ते पट्टे दिसत नव्हते, पण डोळे दिवसभर तेच सोसत असतील का काय, असं त्यानंच विचारलं. डाळजचे आबा तर चहा पिऊन झाल्यावरही ट्रायलमधून उठेनात. इथंच जेवतो म्हणाले.

आणि इथं आमच्या शास्त्राचा घोटाळा झाला. माझी खुर्ची सरकायला लागली. मी मुद्दाम नाही सरकवली, देवाशप्पथ. फोन घ्यायला म्हणून जरा उजवीकडं, फाइल ठेवायला म्हणून अजून जरा, आणि एक दिवस मी, माझं टेबल, माझे फोन, सगळं शकिलाच्या प्लॉटात शिरलेलं. शेतकरीही सगळे तिथंच दाटीवाटीनं. डावीकडं नुसती पाटी आणि रिकाम्या खुर्च्या.

तात्या आले आणि खवळले. "कंट्रोलला मानूसच न्हाय, तर तुलना कशाशी करायची? असा ट्रायल असतो व्हय?"

आम्ही खाली माना घातल्या. कोणी उठेना. तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली. "बरं. मी बसतो," म्हणाले. अनुदानाच्या फाइली घेतल्या, ती बारीक अक्षरातली पानं, आणि कंट्रोल प्लॉटमध्ये जाऊन ताठ बसले. दाखवूनच देतो, असं सगळं अंग सांगत होतं.

तात्या असे टेबलाशी कधी बसलेलेच नव्हते. त्यांचं ऑफिस म्हणजे दार, रस्ता, रान, फोन. पहिल्यांदाच ते त्या पॅनेलखाली बैठं काम करत होते. काही वेळानं टोपी कपाळावर आली. मग एक हात भुवईवर आडवा. मग खुर्ची थोडी वळली, मग अजून थोडी. काचेत चौकोन दिसत होता म्हणून त्यांनी फाइल उभी धरली, तर पानावर त्यांचीच सावली. शकिला आणि मी एकमेकींकडं बघत नव्हतो, बघितलं असतं तर संपलंच होतं. जेवणानंतर ते परत तिथं जाऊन बसले, हट्टानं. दुपार कलली तेव्हा डाव्या अंगाकडून आवाज आला.

"नंदाताई, ती बामाची डबी कुटं ठेवलीय गं?"

मला हसू फुटलं. शकिलालाही. तात्यांनाही फुटायला हवं होतं, पण ते हसले नाहीत. डोळे चोळून त्यांनी आमच्याकडं बघितलं, ते लाल झालेले डोळे.

"हे असं तुमाला रोज व्हायचं?"

शकिला म्हणाली, "व्हय."

"मग बोलली का न्हाय उजेडाचं?"

"उजेड चांगलाच असतो ना तात्या," ती म्हणाली. "आमाला वाटलं, आमच्यातच कायतरी कमी हाय."

तात्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "झाड मुकं असून त्याचं मला कळतंय. आन् तुमी बोलती मानसं माज्या म्होरं बसून डोळं पुसत व्हता, तर मी गाजरं आनली." आणि उठून त्यांनी डावीकडची बटणं स्वतःच्या हातानं बंद केली. मला त्या माणसाबद्दल तेव्हा जे वाटलं ते आदर, माया, सगळं एकत्र होतं.

त्यानंतरचे दिवस नुसत्या धांदलीचे आणि मजेचे. वायरमन आला. छताच्या मधोमध म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि आम्ही तिघांनी मिळून त्याला आमच्या खुर्च्यांवर बसवून दाखवलं. उजेड टेबलांच्या बाजूला आला, पिवळसर, शांत. एकेक वाकवता येणारा दिवा आला, आपापल्या हातापाशी ओढायला. रस्त्याकडचं एक पॅनेल तेवढं तात्यांनी ठेवून घेतलं, दारावर, हौसेसाठी. आणि एक दिवस ते शिडी घेऊन बाहेर गेले. बाहेरून काहीतरी फाटल्याचा आवाज, आणि पाठीमागच्या भिंतीतून ऊन आत. आमच्या ऑफिसला खिडकी होती. नळ्यांची जाहिरात करणारा फ्लेक्स तिच्यावर बाहेरून इतकी वर्षं ठोकलेला होता की आम्ही तिला भिंतच समजून तिच्या गजाला कॅलेंडर लावलं होतं. खिडकीतून हरभऱ्याचं रान दिसत होतं, घाटे धरलेलं, आणि पलीकडं नव्या इमारतींच्या टाक्या. आम्ही तिघं मिळून खिडकीत उभे राहिलो. बघण्यासारखं तसं काही नव्हतं, तरी कितीतरी वेळ बघत राहिलो.

त्या हिवाळ्यापासून मला एक खोड लागलीय. झेरॉक्सच्या दुकानात जाते, तर त्या मुलीला म्हणते, टेबल उजेडाला आडवं लाव बाई. दाताच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाईंचा दिवा मी परवा न विचारता डावीकडं सरकवला. त्या आधी दचकल्या, मग म्हणाल्या, अरे वा. नवरा मला उजेड-इन्स्पेक्टर म्हणतो आणि माझ्याबरोबर बँकेत यायला तयार नसतो. म्हणू दे. काउंटरपलीकडं कपाळ दाबत बसलेलं माणूस दिसलं की माझी नजर आधी छताकडं जाते.

पण त्या दिवसांत, खिडकी उघडली तेव्हा, मला मजेच्या आतून एक धास्ती होती. संक्रांत आली. शकिलाचं डोकं दुखायचं थांबलं होतं, हे मला दिसत होतं. पण काम सोडायचं तिनं मागं घेतलं नव्हतं. घरी सगळ्यांना सांगून झालेलं, दिराच्या बायकोबरोबर शिवणकामाचं काही ठरत आलेलं. एकदा ठरलं की माणसं ठरलेल्याच्या वाटेनं जातात. तात्या मला खुणेनं विचारायचे, मी मान हलवायचे. दोघांपैकी एकाचीही तिला विचारायची छाती होईना. विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

संक्रांतीला तिनं आमचा तिळगूळ घेतला, गोड बोलू म्हणाली, आणि वेळेवर घरी गेली. त्या संध्याकाळी तिचं टेबल नको इतकं आवरलेलं होतं. मी घरी जाऊन जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले. रिकामी खुर्ची आपण आधी बघावी, सवय करावी, असं काहीतरी मनात. शटर उघडंच होतं. आत शकिला खुर्चीवर चढून उभी होती, चपला काढून, ओढणी कमरेला खोचून. हातात शिंप्याची टेप.

"दुपारचं ऊन सरळ स्क्रीनवर येतंय माज्या," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "येक पडदा शिवते. जाड नको, नायतर परत अंधार. उन्हाळ्यात तर लईच तापंल ही बाजू. आयेशा म्हनती फुलाफुलाचा घे, मी म्हनलं ऑफिसात शोभंल का? रातभर डोकं खाल्लं पोरीनं माझं."

जायचं असलेलं माणूस उन्हाळ्यातल्या उन्हासाठी खिडकीचं माप घेत नाही. मला रडूच आलं. मी दारात हेल्मेट हातात धरून तशीच उभी.

"ताई, बघत काय बसलाय," ती वरून म्हणाली, "टोक धरा की खालचं."

मी धरलं. चांगलं घट्ट धरलं.